आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मोबाइल कॅमेरा: डेमो वीसही जणांना दिसेल असा

फिटर ट्रेडचं एक युनिट वीस जणांचं असतं. निदेशक बेंचजवळ उभे राहून व्हर्निअर कॅलिपरचं माप कसं वाचायचं ते दाखवतात, तेव्हा पुढच्या चार-पाच जणांना रेघा दिसतात आणि बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी. मागे राहिलेला मुलगा शेजारच्याला विचारतो, शेजारच्याने जे अर्धवट पाहिलं ते तो सांगतो, आणि दुपारी जॉबवर (सरावासाठी घडवायच्या तुकड्यावर) माप चुकतं. मग तोच डेमो पुन्हा, कधी तिसऱ्यांदा. २०२२पासूनच्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास आहेत आणि त्यांतले ८४० प्रात्यक्षिकाचे. हे तास प्रशिक्षणार्थ्याच्या हातात कानस असावी म्हणून दिलेले आहेत. ते टाचा उंचावून बघण्यात जातात, हे खरं दुखणं आहे.

डिजिटल साधनांचा आयटीआयमधला सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे. डेमो सगळ्यांना दिसावा, आणि जॉब पकडून ठेवणाऱ्या व्हाइसपाशी अडल्यावर तो पुन्हा बघता यावा. मोबाइल हात तयार करत नाही. हात कानशीनेच तयार होतो. म्हणून कोणतंही नवं साधन आणताना एकच प्रश्न विचारा: यामुळे जॉबवरचा वेळ वाढेल की घटेल? घटणार असेल, तर ते साधन कितीही चकचकीत असलं तरी बाजूला ठेवा.

कोणते डेमो निवडायचे

अख्खा अभ्यासक्रम रेकॉर्ड करायला घेऊ नका. पहिल्या वर्षासाठी दहा डेमो पुरे. निवडताना चार खुणा बघा: गोष्ट इतकी बारीक आहे की लांबून दिसत नाही (व्हर्निअर, मायक्रोमीटर, सेंटर पंचचा ठसा), करताना हाताआड जाते (हॅकसॉची सुरुवात, आटे पाडायचा टॅप सरळ लावणं), चुकलं तर माल वाया जातो किंवा इजा होते (ड्रिल पलीकडे निघतानाचा क्षण), किंवा दर बॅचला तोच प्रश्न हटकून येतो. व्याख्या, प्रकार, उपयोग या गोष्टींचे व्हिडिओ करू नका. त्या पुस्तकात आहेत आणि फळ्यावर लवकर होतात.

कॅमेरा काढण्याआधी भारत स्किल्स पोर्टल बघा. तिथे ट्रेडनुसार अभ्यासक्रम, ई-बुक, प्रश्नसंच आणि व्हिडिओ मोफत आहेत. चेन्नईच्या निमी संस्थेची ट्रेड थिअरी व ट्रेड प्रॅक्टिकलची पुस्तकं तर बहुतेकांच्या हातात असतातच. जे तयार मिळतं ते पुन्हा करू नका. स्वतःचा व्हिडिओ तिथे करा, जिथे तुमच्या शॉपमधलं मशीन, तुमचा जॉब आणि तुमच्या मुलांची नेहमीची चूक दाखवायची आहे.

लागणारं सामान

फुल एचडी चित्रण करणारा कोणताही मोबाइल चालतो. त्याबरोबर लवचिक मानेचा, टेबलाला चिमट्यासारखा बसणारा एक स्टँड, एक साधा ट्रायपॉड, दोन एलईडी दिवे, दिव्यापुढे धरायला बटर पेपर आणि एक पांढरा पुठ्ठा. फुल एचडीत एका मिनिटाला १०० एमबीच्या आसपास जागा जाते, काही फोनमध्ये जास्तही. सुरू करण्याआधी फोनमध्ये ५ जीबी तरी रिकामे करा. चित्रणाच्या मध्यात जागा संपली की मांडलेला जॉब पुन्हा मांडावा लागतो. आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन वेळी कॉल आला की बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं.

कॉलर माइकबद्दल एक सक्त सूचना. वायरचा कॉलर माइक लावून लेथ किंवा ड्रिलिंग मशीनजवळ उभं राहू नका. छातीवरून लोंबणारी वायर फिरत्या चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) गेली तर ती कपड्यासकट माणसाला ओढते. मशीनवरच्या व्हिडिओचा आवाज नेहमी नंतर, वेगळा रेकॉर्ड करा.

चित्रण: व्हर्निअरचं उदाहरण

स्टीलच्या चकाकत्या पट्टीवर वरून थेट उजेड टाकला तर रेघा पांढऱ्या उजेडात विरून जातात. दिवा बाजूला, पट्टीच्या पातळीपेक्षा थोडाच वर ठेवा आणि त्यापुढे बटर पेपर धरा. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावली मऊ होते. फोन जॉबपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर ठेवून दुप्पट झूम करा. फोन अगदी जवळ नेला तर त्याचीच सावली पडते आणि फोकसही सुटतो. पडद्यावर रेघांवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड कायम होतात. हे केलं नाही तर हात चित्रात येताच फोन हातावर फोकस करतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा पट्टीच्या अगदी काटकोनात हवा. व्हर्निअरची पट्टी आणि मुख्य पट्टी एका पातळीत नसतात. कॅमेरा जरा तिरका असला तर जुळणारी रेघ शेजारची वाटते, आणि तुमचाच व्हिडिओ मुलांना ०.०२ मिमी चुकीचं शिकवतो. काटकोन तपासायला जबडे पूर्ण बंद करा. कॅलिपरमध्ये शून्य दोष नसेल तर दोन्ही शून्यं पडद्यावरही तंतोतंत जुळली पाहिजेत.

हातांचं काम दाखवताना कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यावरून, त्याच्या डोळ्यांना दिसतं तसं ठेवा. समोरून घेतलेल्या चित्रात डावं-उजवं उलट होतं. हॅकसॉच्या हँडलवर कोणता हात आणि पुढच्या टोकावर कोणता, हे बघणाऱ्याला मनातल्या मनात फिरवावं लागतं. नवख्याला तेवढ्यानेही गोंधळायला होतं.

आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्‌झवर ठेवा. तशी सोय नसेल तर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप घ्या. हाताने सेटिंग करण्याची सोय देणाऱ्या फोनवर त्यात शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवता येतं. तेही जमलं नाही तर खिडकीजवळ दिवसाउजेडी चित्रण करा.

शटरचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. लेथचा तीन जबड्यांचा चक ६०० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला १० फेरे होतात, प्रत्येक फेऱ्यात ३ जबडे, म्हणजे सेकंदाला ३० जबडे कॅमेऱ्यासमोरून जातात. व्हिडिओही ३० फ्रेमचा असेल आणि उजेड भरपूर असल्याने शटर वेगवान असेल, तर प्रत्येक फ्रेमला जबडा त्याच जागी सापडतो आणि पूर्ण वेगात फिरणारा चक पडद्यावर जवळजवळ उभा दिसतो. पहिल्यांदा लेथ बघणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत हे चित्र बसू देऊ नका. शटर १/५० वर आणा म्हणजे जबडे पुसट, फिरताना दिसतात त्यासारखे येतात. आणि त्या भागावर ठळक अक्षरांत लिहा: ‘चक फिरतो आहे’.

व्हिडिओची रचना

लांबी ६० ते १२० सेकंद. त्याहून लांब झाला तर समजा की दोन डेमो एकत्र झाले आहेत. त्यांचे दोन भाग करा. आतला क्रम असा ठेवा:

१. तयार झालेली गोष्ट पाच सेकंद दाखवा, उदाहरणार्थ गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) लावलेला, उजेड न झिरपणारा कोपरा.
२. कृती एकदा पूर्ण, नेहमीच्या वेगात, एक शब्दही न बोलता.
३. तीच कृती सावकाश, बोलत. एका वाक्यात एकच हालचाल.
४. नेहमी होणारी एक चूक आणि तिचा जॉबवर दिसणारा परिणाम.
५. पुन्हा बरोबर कृती. शेवटचं चित्र कायम बरोबर कृतीचं असावं. मुलांच्या डोळ्यांसमोर तेच राहतं.

चूक दाखवताना जॉब खराब करा, पण धोक्याची कृती करून दाखवू नका. चक आवळायची चावी चकमध्येच विसरण्याची चूक ‘कशी होते’ ते करून दाखवायची गरज नाही. चावी जागेवर टांगलेली आणि मग मशीन सुरू, एवढंच दाखवा.

आवाज बंद खोलीत, फोन तोंडापासून १५ सेंटिमीटरवर धरून रेकॉर्ड करा. कपाटं आणि पडदे असलेली खोली बरी. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. भाषा शॉपमधलीच ठेवा. प्रशिक्षणार्थी ‘ड्रिल’ म्हणतात, ‘फीड’ म्हणतात, ‘मार्किंग’ म्हणतात. संगणकावरच्या परीक्षेतही तेच शब्द येतात. तिथे अवघड पारिभाषिक मराठी घुसवण्याने काही साधत नाही. मात्र वाक्य मराठीच हवं: ‘ब्लेडचे दात पुढच्या बाजूला. पहिले तीन-चार स्ट्रोक हलके. रेघेच्या बाहेर, टाकाऊ भागात.’ पार्श्वसंगीत नको. उड्या मारणारी अक्षरंही नकोत.

प्रसारित करण्याआधी दुसऱ्या एका निदेशकांना व्हिडिओ आवाज बंद करून बघायला सांगा. त्यांनी फक्त हे तपासायचं: गॉगल आहे का, बाही दुमडलेली आहे का, अंगठी-घड्याळ काढलंय का, ड्रिलिंग करताना हातात मोजे नाहीत ना, चिप (धातूचा कीस) ब्रशने काढली की बोटाने. कॅमेऱ्यासमोर निदेशकांनी बोटाने चिप झटकली, तर पुढच्या आठवड्यात वीसजण तसंच करतात. असा भाग कितीही चांगला जमला असला तरी पुन्हा चित्रित करा.

थेट डेमो टीव्हीवर

रेकॉर्डिंग न करताही अर्धी अडचण सुटते. लवचिक स्टँडवरचा फोन व्हर्निअरवर रोखा आणि त्याचं चित्र टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवा. वायफायवरून कास्ट केलं तर चित्र किंचित मागे राहतं. माप वाचण्यासाठी चालतं, हालचालीसाठी त्रास होतो. केबलने जोडणं उत्तम, पण प्रत्येक फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. केबल विकत घेण्याआधी फोन दुकानात नेऊन जोडून बघा. फोन जमत नसेल तर साधा यूएसबी वेबकॅम लॅपटॉपला लावा आणि ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र पूर्ण पडद्यावर घ्या. स्वस्त वेबकॅमचा फोकस जवळ लागत नाही ही नेहमीची तक्रार. घेताना १० ते १५ सेंटिमीटरवर अक्षरं स्पष्ट दिसतात का ते बघा.

वर्कशॉपच्या उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो. ४३ इंची टीव्ही चाकांच्या स्टँडवर असला तर तो बेंचपर्यंत नेता येतो. छापील लिथो चार्ट आणि आतले भाग दिसावेत म्हणून कापलेली कट मॉडेल टाकून देऊ नका. गिअरबॉक्सचं कट मॉडेल हाताने फिरवून जे कळतं ते कोणताही पडदा देत नाही.

वेल्डरच्या शॉपमध्ये: आर्कच्या आतलं चित्र

कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा फायदा मिळतो तो वेल्डिंगमध्ये. निदेशक बीड (वेल्डची रेघ) टाकत असताना तोंडापुढच्या शील्डमधून वितळलेलं कुंड नीट दिसतं ते स्वतः निदेशकांना आणि फार तर शेजारच्या एकाला. बाकी सगळ्यांना ठिणग्या आणि नंतर झालेला बीड. खरं कौशल्य त्या कुंडात आहे: चकाकतं धातूचं कुंड कोणतं आणि त्यामागून येणारा स्लॅग (वितळलेला मळ) कोणता, हे ओळखता येणं. ते मोठ्या पडद्यावर एकदा दिसलं की मुलगा स्वतःच्या शील्डमध्ये काय शोधायचं ते जाणून बसतो.

पद्धत अशी. १० किंवा ११ नंबरची वेल्डिंग काच पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवा आणि चौकट फोनच्या लेन्सपुढे घट्ट लावा. लेन्सच्या बाजूने उजेड आत यायला फट राहू देऊ नका, नाहीतर चित्रावर पांढरट धुकं येतं. काळ्या काचेच्या बाहेर एक साधी काच लावा, ठिणग्या तिच्यावर पडतील. फोन ट्रायपॉडवर, सांध्यापासून ६० ते ७० सेंटिमीटरवर, बीड ज्या दिशेने पुढे जातो त्या बाजूला, ठिणग्यांच्या थेट रेषेत न येता. इतक्या अंतरावरून झूम लागतो, आणि फोनला एकाहून अधिक लेन्स असतील तर झूम केल्यावर काच नेमक्या वापरात असलेल्या लेन्सपुढे आहे ना ते बघा. चुकून दुसऱ्याच लेन्सपुढे राहते.

आधी भंगार पट्टीवर आर्क पेटवा. दुसऱ्या माणसाने, स्वतःचं शील्ड घालून, आर्क चालू असताना पडद्यावर कुंडाच्या जागी बोट दाबून फोकस आणि उजेड कायम करावा, मग उजेडाची पट्टी खाली सरकवत कुंडाची कड दिसेपर्यंत आणावी. मोज्यातल्या बोटाला पडदा दाद देत नाही, म्हणून स्टायलस ठेवा. उघड्या हाताने हे करू नका. त्यानंतर खरा बीड. ३.१५ मिमीचा ई६०१३ इलेक्ट्रोड, ११० अँपिअरच्या आसपास, आर्कची लांबी इलेक्ट्रोडच्या गाभ्याच्या जाडीइतकी, म्हणजे साधारण ३ मिमी. चाळीस सेकंदांचं चित्रण पुरतं. लगेच त्याच पट्टीवर आर्क मुद्दाम लांब करून दुसरं चित्रण घ्या: कुंड पसरतं, थेंब बाहेर उडतात. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून दाखवली की ‘आर्क आखूड ठेव’ हे वाक्य शंभर वेळा सांगावं लागत नाही.

मुलांपर्यंत पोचवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि व्हर्निअरच्या रेघांचा लगदा होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ चित्र जसंच्या तसं जातं. वर्गाचा गट करताना आणखी एक काळजी. साध्या गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मुलींना त्याचा त्रास होतो. कम्युनिटीच्या घोषणा गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि संदेश फक्त ॲडमिन टाकू शकतो; तोच वापरा. आयटीआयमध्ये चौदा वर्षांची मुलंही प्रवेश घेतात. व्हिडिओत कोणाचाही चेहरा नको, हात पुरेत.

बेंचपाशी अडलेल्या मुलासाठी क्यूआर कोड उत्तम. कोड थेट व्हिडिओचा करू नका. यूट्यूबवर व्हिडिओ बदलला की लिंक बदलते आणि चिकटवलेले सगळे कोड वाया जातात. त्या मशीनसाठी एक गूगल डॉक करा, त्यात व्हिडिओच्या लिंक ठेवा आणि कोड त्या डॉकचा करा. आतली लिंक केव्हाही बदलता येते. डॉकची परवानगी ‘लिंक असलेला कोणीही बघू शकतो’ अशी आहे ना, हे दुसऱ्याच्या फोनवर उघडून तपासा; बंद पडलेल्या कोडमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. मोफत ‘डायनॅमिक’ कोड देणाऱ्या काही साइटचे कोड ठरावीक मुदतीनंतर बंद होतात, म्हणून साधा स्थिर कोड बनवा. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची पातळी ‘एच’ निवडा. सुमारे ३० टक्के भाग तेलाने-धुळीने झाकला तरी तो वाचला जातो. आकार किमान ४ सेंटिमीटर, लॅमिनेशन मॅट. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा चाचपडतो.

आणि कोड मशीनवर चिकटवू नका. भिंतीवर किंवा टूल स्टोअरच्या खिडकीजवळ, मशीनभोवतीच्या पिवळ्या रेघेच्या बाहेर लावा. नियम साफ हवा: मशीन बंद, हात पुसलेले, रेघेच्या बाहेर येऊन मगच फोन. चालू मशीनवर कोणाच्याही हातात फोन दिसला तर व्हिडिओचा सगळा उपक्रम त्या दिवशी थांबवावा, इतकं हे कडक पाळा.

जिथे फोनला बंदी आहे, रेंज नाही किंवा निम्म्या मुलांकडे स्मार्टफोनच नाही, तिथे एक जुना टॅब्लेट शॉपच्या कोपऱ्यात पक्क्या स्टँडवर बसवा, सगळे व्हिडिओ मेमरी कार्डात भरा आणि फाइलींना जॉबचे क्रमांक द्या. नेट लागत नाही. खरं तर बऱ्याच संस्थांसाठी हीच सर्वांत चांगली व्यवस्था आहे; फोन खिशात राहतात आणि टॅब्लेटपाशी उभा राहिलेला मुलगा निदेशकांना लांबून दिसतो, म्हणजे कोण कुठे अडलंय ते न विचारता कळतं. घरी न्यायला व्हिडिओ हवा असेल तर अँड्रॉइडच्या क्विक शेअरने फोनवरून फोनवर डेटा न खर्चता देता येतो.

वर्गात कसा वापरायचा

‘व्हिडिओ पाठवलाय, बघून या’ एवढ्यावर विसंबलात तर अर्धे बघून येत नाहीत. जॉबच्या दिवशी सुरुवातीची दहा मिनिटं अशी घ्या: व्हिडिओ एकदा आवाजाशिवाय लावा. मग दुसऱ्यांदा लावून महत्त्वाच्या जागी थांबवा आणि विचारा, ‘आता पुढे काय करणार?’ दोघा-तिघांची उत्तरं घ्या, मग पुढे चालवा. त्यानंतर निदेशकांनी प्रत्यक्ष डेमो द्यायचाच, पण आता तो तीन-चार मिनिटांत होतो, कारण कुठे बघायचं हे सगळ्यांना माहीत असतं. मग सगळे व्हाइसवर. वाचलेला वेळ निदेशकांनी बेंचमधून फिरण्यात घालवायचा. व्हिडिओ चालू करून कार्यालयात जाण्यासाठी तो नाही.

प्रश्न: नेमकी चूक पकडणारे

गूगल फॉर्मवर पाच प्रश्नांची चाचणी करता येते, पण प्रश्न कसे लिहिता त्यावर सगळं आहे. चुकीचे पर्याय मनाने बनवू नका. मुलं ज्या चुका खरोखर करतात त्यांतून घ्या. उदाहरण: मुख्य पट्टीवर व्हर्निअरच्या शून्याच्या डावीकडे २३ मिमी, जुळणारी रेघ १७वी, लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी. बरोबर उत्तर २३.३४. पर्याय ठेवा २३.१७ (रेघेला ०.०२ ने गुणलंच नाही, शंभरावा भाग धरला), २३.०३४ (गुणाकारात दशांश चिन्ह चुकलं) आणि २१.३४ (शून्याऐवजी सरकत्या पट्टीच्या कडेपासून मोजलं). आता निकालाचा तक्ता बघितला की किती जणांची कोणती चूक आहे ते आपोआप दिसतं. सहा जणांनी २१.३४ निवडलं असेल तर सगळ्यांना पुन्हा शिकवायची गरज नाही. त्या सहांना बोलावून कॅलिपरवर शून्याची रेघ दाखवली की काम होतं.

मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्स हे ॲप वापरा. प्रत्येकाला छापलेलं एक कार्ड, चाळीसपर्यंतचा संच मिळतो. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, निदेशक एकाच फोनने सगळा वर्ग टिपतात. अक्षरं बारीक असल्याने शेजारच्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. ही कार्डंही चकचकीत लॅमिनेट करू नका.

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेची थिअरी संगणकावर होते. माउस हातात न धरलेल्या मुलाचा वेळ प्रश्नात न जाता पडद्यात जातो. निमीचं मॉक टेस्ट ॲप महिन्यातून दोनदा संगणक कक्षात करून घ्या, परीक्षेच्या आठवड्यात घाईने नको.

कानशीचा स्ट्रोक, सावकाश

सपाट फायलिंगमध्ये मध्ये पोट राहतं आणि कडा उतरतात, ही पहिल्या वर्षाची कायमची तक्रार. कारण हात डोलतात. सुरुवातीला दाब पुढच्या टोकावरच्या हाताचा जास्त हवा आणि कानस पुढे जाईल तसा तो हँडलच्या हाताकडे यायला हवा. तसं न झाल्यास सुरुवातीला हँडल खाली जातं आणि शेवटी टोक. मुलाला हे सांगून पटत नाही, कारण त्याला स्वतःचा हात सरळच वाटतो.

फोन ट्रायपॉडवर व्हाइसच्या जबड्यांच्या उंचीवर, दीड मीटर लांब, स्ट्रोकच्या दिशेला काटकोनात ठेवा. मागच्या भिंतीवर त्याच उंचीला एक आडवी पांढरी पट्टी चिकटवा. स्लो मोशन १२० फ्रेमवर दहा स्ट्रोक घ्या. ट्यूबलाइटखाली स्लो मोशन लुकलुकतं, म्हणून खिडकीजवळचा व्हाइस निवडा. मुलासमोर लगेच लावा: पट्टीच्या तुलनेत कानशीचं टोक खाली जाताना त्याला स्वतःला दिसतं. काही बोलायची गरज पडत नाही. पुढचे दहा स्ट्रोक त्याला करू द्या आणि पुन्हा चित्रित करा. वर्गासमोर दाखवू नका, त्याचा त्यालाच दाखवा, आणि नंतर फाइल पुसून टाका.

जॉबचे फोटो

अंतर्गत मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायचे असतात. प्रत्यक्ष जॉब गंजतात, हरवतात. प्रत्येक जॉबचे तीन फोटो घ्या: मार्किंग आणि पंचिंग झाल्यावर, कापल्यावर, पूर्ण झाल्यावर. पहिला फोटो चुकवू नका. कापल्यानंतर मार्किंग निघून जातं आणि चूक मार्किंगची होती की कापण्याची, ते कळायला मार्ग राहत नाही. शेजारी स्टील रूल आणि रोल नंबरची चिठ्ठी ठेवा. फाइलचं नाव ‘फिटर-रोल१४-जॉब०७-मार्किंग’ अशा एकाच पद्धतीचं. फोटोवरून माप मात्र देऊ नका. लेन्समुळे कडेच्या रेघा वाकतात, गुण कॅलिपर आणि गुण्याच्या मापावरच. गूगल फॉर्ममधून मुलांकडून फोटो मागवले तर प्रत्येकाला गूगल खातं लागतं आणि जागा तुमच्या १५ जीबीतून जाते. त्यापेक्षा शॉपच्या एकाच फोनवर फोटो काढणं सोपं पडतं. महिन्याला एकदा सगळं पेन ड्राइव्हवर उतरवा.

इलेक्ट्रिशियन ट्रेडसाठी

सर्किट जोडण्याआधी कोलोराडो बोल्डर विद्यापीठाची फेट सिम्युलेशन वापरा. सर्किट कन्स्ट्रक्शन किटमध्ये वायर, बॅटरी, दिवे, स्विच जोडून प्रवाह दिसतो, फ्यूज उडतो. ही सिम्युलेशन एकदा डाउनलोड केली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. जिन्याच्या वायरिंगची जोडणी मात्र बोर्डावरच करून घ्या, कारण पडद्यावरच्या वायरला इन्सुलेशन सोलावं लागत नाही आणि स्क्रू सैल राहत नाही, आणि घरोघरी होणारे बिघाड नेमके तिथलेच असतात. चालू लाइनवर काम करतानाचा व्हिडिओ कधीही बनवू नका. पुरवठा बंद करून, टेस्टरने तपासून, मग सुरुवात, हा क्रम प्रत्येक चित्रणात पहिल्या दहा सेकंदांत दिसलाच पाहिजे.

सुरुवात एका व्हिडिओने करा. मागच्या बॅचमध्ये ज्या जॉबवर सर्वांत जास्त माल वाया गेला, त्याचाच घ्या. नव्या बॅचने तो जॉब केल्यावर वीसही जॉब टेबलावर मांडा आणि चुका मोजा. तीच चूक अजून आठ-दहा जणांची दिसत असेल तर व्हिडिओत ती जागा नीट दिसत नाही, हे नक्की समजा. फोनची जागा बदला आणि तेवढा भाग पुन्हा चित्रित करा.